पॅन्क्रियाटायटिस म्हणजेच स्वादुपिंडदाह : प्रत्येक पोटदुखी ‘पित्त’ नसते

हॉस्पिटलच्या फाइलवर ‘अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस’ असं लिहिलेलं असतं. मराठी वैद्यकीय पुस्तकांत याला स्वादुपिंडदाह म्हणतात, आणि आपल्या घरांतली उर्दू वाचणारी बुजुर्ग मंडळी ‘लबलबे की सूजन’ म्हणतील. तिन्ही नावं एकाच आजाराची. ग्रीक भाषेत ‘पॅन’ म्हणजे सगळं आणि ‘क्रिआस’ म्हणजे मांस. हाड नाही, कूर्चा नाही, नुसता मांसल अवयव, म्हणून पॅन्क्रियाज हे नाव पडलं. शेवटचं ‘आयटिस’ आपल्या ओळखीचं आहे : टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, हिपॅटायटिस. त्याचा अर्थ दाह. म्हणजे फक्त सूज नव्हे, तर त्या भागाची लाली, जळजळ, वेदना आणि आतल्या पेशींचं नुकसान हे सगळं त्यात आलं.

आपल्या बोलण्यात मात्र या आजाराला शब्दच नाही. आपल्याकडे पोटाच्या वरच्या भागात काहीही झालं की ‘पित्त झालंय’. छातीत जळजळ झाली तरी पित्त, आंबट ढेकर आली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, पित्ताशयात खडे झाले तरी पित्तच. एका शब्दात इतके आजार कोंबल्यावर त्यातला जिवावर बेतणारा कुठला, हे घरच्यांना कळणार कसं? या आजारात जो उशीर होतो त्यातला बराचसा इथेच होतो. अ‍ॅसिडिटीची गोळी, सोडा, जिरा-ओवा, थंड दूध, पुन्हा गोळी, आणि रात्र निघून जाते.

अवयव कुठे, त्याचं काम काय

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण १५ ते २० सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. इतक्या खोल जागी असल्यामुळे त्याचं दुखणं पोटातून थेट पाठीत जातं.

त्याची कामं दोन. पहिलं काम इन्सुलिन बनवण्याचं. ते करणाऱ्या पेशींची बेटं पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा त्यांचं काम काय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. दुसरं काम पचनाचं. दिवसाला लिटर-दीड लिटर पाचक रस इथे तयार होतो आणि एका बारीक नळीतून लहान आतड्यात जातो. मांस, चरबी, पिठूळ पदार्थ, सगळ्यांचं पचन या रसातल्या एन्झाइमवर चालतं. हा रस स्वतः स्वादुपिंडाला पचवत नाही, कारण त्यातली ताकदवान एन्झाइम ‘झोपलेल्या’ अवस्थेत बाहेर पडतात आणि आतड्यात पोचल्यावरच जागी होतात.

स्वादुपिंडदाहात नेमकं हेच बिघडतं. एन्झाइम आतल्या आत जागी होतात आणि अवयव स्वतःलाच पचवू लागतो. दाह वाढला की रक्तवाहिन्यांतलं पाणी आजूबाजूला झिरपतं, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं अडचणीत येतात. सुरुवात पोटात झालेली असली तरी आजार मग पोटापुरता राहत नाही. बोस्टनचे डॉक्टर रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ मध्ये याचं पहिलं नीट वर्णन केलं. त्याआधी बरेचदा निदान शवविच्छेदनातच व्हायचं.

खडकवासल्यातली पोटदुखी

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण सापडले आणि खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, धायरी ही नावं देशभरच्या बातम्यांत आली. दूषित पाणी, जुलाब आणि त्यानंतर हातापायांतली ताकद जाणं, असा तो प्रकार होता. तेव्हापासून या भागातल्या घरांत पोट बिघडलं की पहिला संशय पाण्यावर जातो. तो चुकीचा नाही, पाणी उकळून प्यायलाच हवं. पण प्रत्येक उलटीचं खापर पाण्यावर फोडलं की दुसऱ्या कारणांकडे लक्ष जात नाही.

रविवारी धरणाच्या चौपाटीवर कांदाभजी, सिंहगडावर पिठलं-भाकरी, नाहीतर एखाद्या वलीम्याची दावत, आणि रात्री पोट धरून बसणारं माणूस. जेवण ‘बाधलं’ असेलही. पण पित्ताशयात आधीपासून खडे असतील तर तेलकट, तुपकट जेवणानंतर पित्ताशय जोरात आकुंचन पावतं आणि एखादा छोटा खडा सरकून नळीत अडकतो. पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात शिरण्यापूर्वी बहुतेकांत एकाच तोंडाशी येतात. त्या तोंडात खडा बसला की दोन्हींचा रस्ता बंद. १९०१ मध्ये युजीन ओपी यांनी हा संबंध दाखवून दिला. यात एक उलटी गोष्ट आहे : मोठ्या खड्यापेक्षा बारीक खडे जास्त धोक्याचे, कारण तेच घसरून नळीत जातात. ‘सोनोग्राफीत बारीकच खडे आहेत, काही होत नाही’ असं समजून निवांत राहू नये.

मग साधी अ‍ॅसिडिटी आणि हे दुखणं यांत फरक ओळखायचा कसा? स्वादुपिंडदाहाची वेदना बेंबीच्या वर, मधोमध किंवा डावीकडे, अचानक सुरू होते आणि थोड्या वेळात शिगेला पोचते. पुष्कळांना ती पट्ट्यासारखी पाठीत जाते. कळ येते-जाते असं नसतं, तासन्‌तास सलग राहते. उताणं झोपलं की वाढते, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकलं की थोडी कमी वाटते. सोबत उलट्या होतात, आणि उलटी झाल्यावरही बरं वाटत नाही. ही शेवटची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण जेवण बाधलेल्या माणसाला उलटीनंतर सहसा हलकं वाटतं. पोट फुगणं, ताप, नाडी जलद चालणं, धाप लागणं, डोळे पिवळे होणं, लघवी कमी होणं ही आजार वाढत असल्याची चिन्हं.

असं दुखणं तास-दीड तास टिकलं तर दवाखान्यात नाही, जिथे रक्ततपासणी आणि दाखल करण्याची सोय आहे अशा हॉस्पिटलमध्ये जायचं. हार्ट अ‍ॅटॅकही कधी कधी पोटाच्या वरच्या भागात दुखूनच येतो, म्हणून तिथे आधी ईसीजी काढतील. ‘पोट दुखतंय आणि हे छातीची पट्टी काढतायत’ म्हणून कुरकुर करू नका. खडकवासल्याहून नऱ्ह्याचं काशीबाई नवले रुग्णालय ससूनपेक्षा बरंच जवळ पडतं. ससून पुणे स्टेशनजवळ, म्हणजे इथून साधारण वीस किलोमीटर, आणि संध्याकाळचा सिंहगड रोड सगळ्यांना माहीत आहे. १०८ नंबरची रुग्णवाहिका मोफत आहे. ती बोलवायला कमीपणा वाटून घेऊ नये. निघताना तोंडावाटे काही देऊ नका, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.

‘हा तर दारुड्यांचा आजार!’

ढोबळमानाने दहातल्या चार रुग्णांत कारण पित्ताचे खडे असतात आणि साधारण तिघांत दारू. हे दुसरं कारण आपल्या समाजात दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी नुकसान करतं.

पहिली तऱ्हा अशी. नमाजी, दारूला कधी न शिवलेल्या माणसाला हा आजार होतो, कुणीतरी मोबाइलवर शोधतं आणि कुजबुज सुरू होते. बिचारा वेदनेत आणि वरून संशयात. कधी कधी तर याच भीतीने घरचे आजाराचं नाव लपवतात, ‘पोटाचं इन्फेक्शन’ सांगतात, आणि पुढच्या डॉक्टरलाही तेच सांगतात. स्पष्ट सांगायला हवं : आजाराच्या नावावरून कुणी दारू पितो असा निष्कर्ष निघत नाही. बायकांमध्ये पित्ताचे खडे पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतात, गरोदरपणात त्यांचं प्रमाण आणखी वाढतं. म्हणजे अम्मी, बाजी, नवी सून यांनाच हा धोका जास्त, आणि त्यांचीच पोटदुखी ‘गॅस असेल’ म्हणून सगळ्यात उशिरा दाखवली जाते.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. डॉक्टर विचारतात, ‘दारू घेता का?’ आणि रुग्णाने तोंड उघडण्याआधी अब्बा किंवा मोठा भाऊ उत्तर देतो, ‘आमच्यात कोणी पीत नाही.’ तो मुलगा पीत असेल तर वडिलांसमोर कबूल करणार नाही. इथे प्रश्न इज्जतीचा नाही, उपचाराचा आहे. रोज पिणाऱ्याची दारू हॉस्पिटलमध्ये अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भ्रम, फिट येणं असा त्रास सुरू होऊ शकतो. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर त्याचं औषध वेळेवर देता येतं. माहीत नसेल तर तेही आजार चिघळल्याचं लक्षण समजलं जाऊ शकतं. म्हणून घरच्यांनी पाच मिनिटं बाहेर जावं आणि रुग्णाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावं. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, नाव-गाव पाहून नाही.

सिगारेट-बिडीचंही तसंच. धूम्रपान हे स्वादुपिंडदाहाचं स्वतंत्र कारण आहे, दारू नसली तरी. आपल्याकडे दारू लपवतात, सिगारेट मात्र टपरीवर सर्रास चालते.

उरलेली कारणं थोडक्यात. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी १००० मिलिग्रॅमच्या वर गेली तर दाह होऊ शकतो. मधुमेह हाताबाहेर गेलेल्यांत आणि काही घराण्यांत पिढीजात हे आढळतं, कधी रक्ताचा नमुना दुधासारखा पांढरट दिसतो. रक्तात कॅल्शियम वाढणं, गालगुंड, पोटावर मार (लहान मुलांत सायकलच्या हँडलचा), अ‍ॅझाथायोप्रीन किंवा व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं हीही कारणं आहेत. वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही पोटात जोराचं दुखलं तर लगेच दाखवा अशी सूचना असते. मेडिकल कॉलेजच्या मुलांना त्रिनिदादच्या विंचवाचं उदाहरण हमखास पाठ असतं, त्याच्या दंशानेही स्वादुपिंडाला दाह होतो. परीक्षेपुरतं ठीक आहे, खडकवासल्यात पित्ताचे खडेच शोधायला हवेत.

हॉस्पिटलमध्ये काय होतं

निदानाचा नियम सोपा आहे. ठरावीक प्रकारची वेदना, रक्तात लायपेज किंवा अमायलेज सामान्य कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त, आणि सोनोग्राफी-सीटी स्कॅनमध्ये दिसणारे बदल. तिन्हींपैकी दोन जुळले की निदान पक्कं. खडे आहेत का हे पाहायला सोनोग्राफी प्रत्येकाची करतात. सीटी स्कॅन पहिल्याच दिवशी लागतो असं नाही. आतलं नुकसान किती, ते तीन-चार दिवसांनी जास्त नीट दिसतं. ‘अजून सीटी का नाही काढला’ म्हणून भांडण्याआधी हे ध्यानात घ्या.

या आजारावर थेट दाह थांबवणारं औषध नाही. सलाइन, वेदनाशामक, ऑक्सिजन आणि सतत लक्ष, हाच उपचार. त्यातही सलाइन पहिल्या दिवशी सगळ्यात मोलाचं, म्हणून लवकर पोचण्याला इतकं महत्त्व. पूर्वी भरमसाट सलाइन देत. भारतातल्या केंद्रांचाही सहभाग असलेल्या २०२२ मधल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की अति मारा केल्याने फायदा होत नाही, उलट शरीरात पाणी साठतं. आता मोजून-मापून देतात. पूर्वी आठवडाभर उपाशीही ठेवत. आता उलट्या थांबल्या आणि भूक लागली की लवकर खायला सुरुवात करतात, जमत नसेल तर नाकातल्या नळीने. अँटिबायोटिक सगळ्यांना लागत नाही, संसर्ग असेल तरच.

पाचातले चार रुग्ण आठवडाभरात बरे होऊन घरी जातात. उरलेल्या एकाचा आजार गंभीर होतो, आयसीयू लागतं. अवयव निकामी होऊ लागले किंवा मेलेल्या भागात संसर्ग झाला तर जिवाला मोठा धोका असतो. अशा वेळी पूर्वी लगेच पोट उघडत. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासानंतर ती पद्धत मागे पडली. आधी नळी घालून पू काढायचा, जमलं तर दुर्बिणीतून, आणि शस्त्रक्रिया शेवटी. म्हणून ‘ऑपरेशन का करत नाहीत’ या प्रश्नाचं उत्तर बरेचदा ‘थांबण्यातच फायदा आहे’ असं असतं.

खड्यांमुळे सौम्य दाह झालेला असेल तर मात्र थांबू नये. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया त्याच भरतीत करून घेणं उत्तम. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या डच अभ्यासात हेच दिसलं, पुढे ढकललेल्यांना खड्यांचा त्रास पुन्हा जास्त झाला. आपल्याकडे काय होतं? दुखणं थांबतं, बिल वाढलेलं असतं, ‘लग्नसराई झाल्यावर बघू’ म्हणून घरी येतात. मग कुणीतरी ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाने खडे पाडण्याचा नुस्खा देतं. शौचातून हिरवट गोळे पडतात आणि सगळे खूश. ते खडे नसतात, तेलाचाच झालेला साबण असतो. मूतखड्याची औषधंही पित्ताच्या खड्यांवर चालत नाहीत. पित्ताशयाशिवाय माणूस व्यवस्थित जगतो, जेवतो, रोजेही ठेवतो.

जुना दाह आणि कॅप्सूलचा प्रश्न

वारंवार किंवा सततच्या दाहाने स्वादुपिंड कडक होतं, त्याच्या नळीत चुन्याचे खडे बसतात. याला क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. भारतात दारू न पिणाऱ्या तरुणांतही याचा एक प्रकार आढळतो. केरळचे डॉ. गीवर्गीस यांनी अशा शेकडो रुग्णांची नोंद केली : लहानपणी पोटदुखी, मग मधुमेह, शरीर हाडकुळं. टॅपिओकावर बराच काळ संशय होता, पुढे काही रुग्णांत जनुकीय दोष सापडले. अशा माणसाला चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी शौच होते, वजन उतरत जातं. बारीक अंगाच्या तरुणाला मधुमेह निघाला आणि त्याला जुनी पोटदुखी असेल, तर स्वादुपिंड तपासून घ्यावं.

यांना एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात, आणि इथे आपल्या घरांत खरी अडचण येते. ही पॅन्क्रिएटिन नावाची औषधं डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. पाकिटावर बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. कुणीतरी वाचतं आणि रुग्ण गुपचूप औषध बंद करतो. डॉक्टरला वाटतं डोस कमी पडतोय, तो वाढवतो. इन्सुलिनच्या बाबतीत प्रश्न सुटला, कारण ते आता प्रयोगशाळेत तयार होतं. या कॅप्सूलना मात्र अजून तोडीस तोड पर्याय नाही. दुकानात मिळणाऱ्या पपईच्या किंवा बुरशीपासून बनवलेल्या पाचक गोळ्या त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. कुरआनात (सूरह अल-बकरा, आयत १७३) नाइलाजाच्या स्थितीसाठी सवलत आहे आणि पर्याय नसलेल्या औषधाबाबत अनेक उलेमा तिचाच आधार देतात. ज्याला शंका आहे त्याने डॉक्टरांना उघड सांगावं, त्यांच्याकडून ‘दुसरं औषध चालेल का’ याचं उत्तर घ्यावं आणि ते घेऊन आपल्या आलिमांकडे जावं. कॅप्सूल जेवताना, घासांसोबत घ्यायची, उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही.

रमजानचंही असंच विचारून ठरवावं. नुकताच दाह होऊन गेलेला, इन्सुलिनवर असलेला किंवा पित्ताशयातले खडे अजून न काढलेला माणूस रोजा ठेवू शकेल का, हे त्याच्या रिपोर्टवर अवलंबून आहे. आजाऱ्याला दिलेली रुखसत अशांसाठीच आहे. रोजा ठेवलाच तर इफ्तारला समोसे-भज्यांचा ढीग नको.

कारण सापडलं नाही तर

मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा सौम्य पॅन्क्रियाटायटिसच्या बातम्या आल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं सांगितलं. १७ मार्च २०१९ रोजी त्यांचं निधन झालं. हे घाबरवायला सांगत नाही, दाह झालेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग नसतो. पण पन्नाशीच्या आसपासचा माणूस, खडे नाहीत, दारू नाही, चरबी वाढलेली नाही, तरी दाह झाला, तर बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून कारण शोधावं. वजन घटत असेल किंवा नव्याने मधुमेह निघाला असेल तर नक्कीच.

खर्चाचं. आयसीयूचे आठवडे घर गहाण टाकायला लावतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, दाखल होतानाच रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, चौकशीचा नंबर १५५३८८. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलमधून आणायला दिवस लागतात. घरात कुणाला खडे असल्याचं आधीच माहीत असेल तर दाखला आजच काढून ठेवा, आणि डिस्चार्ज कार्ड हातात घेताना त्यावर दोन गोष्टी लिहिल्यात का ते पाहा : दाहाचं कारण, आणि पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख.